प्रियदर्शनीला पाण्यात ऐकू येतं

प्रियदर्शनी जन्मली तेव्हा तिला कान नव्हते. कानांच्या जागी दोन्ही बाजूंना शेंगदाण्याएवढे मांसाचे गोळे होते आणि भोक कुठंच नव्हतं. सुईणीनं बाळ पुसलं, उलटसुलट करून पाहिलं आणि साखराबाईच्या कुशीत ठेवताना तोंड फिरवलं. बारशाला जमलेल्या बायकांत कुणीतरी म्हणालं, नाव आपलं साधंच ठेवा, उगी लोकांना हसायला कारण नको. त्या घटकेपर्यंत साखराबाईच्या मनात कुठलंच नाव नव्हतं. ती ताडकन उठून बसली.

“प्रियदर्शनी ठेवा,” ती म्हणाली. “बघणाऱ्याला गोड वाटावी अशी. ज्याला वाटत न्हाई त्यानं बघू नये.”

हे मला साखराबाईनंच सांगितलं. मी अंबाजोगाईला दवाखान्यात लोकांचे कान तपासायचं काम करते, आणि या मायलेकींना आता पंधरा वर्षं ओळखते. दोघींपैकी कुणीही कधी खालच्या आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही.

माजलगावच्या धरणाच्या काठावर हिवरदरा नावाचं गाव आहे. प्रियदर्शनीचा बाप आसाराम तिथला मेंढपाळ. कळपात एखादं कोकरू बारक्या कानाचं निपजतं, त्याला मेंढपाळ बुचं म्हणतात. गावानं तेच नाव पोरीला चिकटवलं. बुची. आसारामच्या तोंडावर कुणी म्हणालं की तो काठी टेकून उभा राहायचा आणि विचारायचा, “बुची मेंढी कमी चरती का बे? का लोकर कमी देती? सांग की.” समोरचा वाटेला लागायचा. पण पाठ फिरली की पुन्हा बुचीच.

ती बोलायला उशिरा शिकली. ओरडलं तर थोडं ऐकू जायचं, साधं बोलणं जायचं नाही. साखराबाईनं एक गोष्ट मात्र स्वतःच शोधून काढली होती. पोरीला मांडीवर घेऊन, आपली हनुवटी तिच्या टाळूवर टेकवून बोललं की पोर एकदम शांत व्हायची आणि डोळे मोठे करायची. मग साखराबाई तशीच बोलत राहायची. भाकरी, पाणी, कोकरू, बा, माय. पोरीला मराठी आली ती अशी, कवटीतून.

धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरकलं की मेंढ्या धुवायचे दिवस येतात. लोकर कातरायच्या आधी कळप पाण्यात घालून एकेक जनावर चोळून काढावं लागतं. प्रियदर्शनी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. कमरेएवढ्या पाण्यात एक कोकरू धरून उभी होती. कोकरानं हिसका दिला, ती घसरली आणि पार बुडाली. आसारामनं झिंज्या धरून वर काढली. त्याला वाटलं, आता रडणार. ती रडली नाही.

“बा,” ती म्हणाली, “ते धाडधाड काय वाजतंय?”

आसारामनं इकडंतिकडं पाहिलं. मेंढ्या ओरडत होत्या, बाकी पाण्यावर काहीच नव्हतं. “कुठं गं?” तो तिच्या डोक्याशी तोंड नेऊन ओरडला.

“पाण्यात.”

बाजूला उभे असलेले दोघेतिघे हसले. बहिरीला आवाज येतोय म्हणे. आसाराम हसला नाही. त्यानं पटका काढून काठावर फेकला, नाक दाबलं आणि डोकं पाण्याखाली घातलं. थोड्या वेळानं तो वर आला, दाढीतून पाणी गळत होतं.

“वाजतंय की बे!” तो हसणाऱ्यांकडं बघून ओरडला. “इंजिन हाय कुठंतरी. घाला मुंडकी पाण्यात, घाला!”

एवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पोरीला खांद्यावर घेऊन तो काठाकाठानं चालत निघाला. दुपार कलली तेव्हा पार पलीकडच्या वळणावर एका मळ्यात त्यांना डिझेलचं इंजिन सापडलं. त्याचा लोखंडी पाइप पाण्यात सोडलेला होता आणि इंजिनाबरोबर तो थरथरत होता. हिवरदऱ्याच्या काठावर उभं राहिलं तर त्या इंजिनाची चाहूलसुद्धा लागत नव्हती, इतकं ते लांब होतं. माघारी येताना आसाराम वाटेत भेटेल त्याला सांगत होता, “माझ्या लेकीनं इथून ऐकलं.”

त्यानंतर दीडेक वर्षानं तो तिला घेऊन माझ्याकडं आला. मी तेव्हा नवी होते. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे पोलादाचा दोन दातांचा काटा, गुडघ्यावर आपटून तिच्या कानाच्या जागी धरला. तिनं मान हलवली, काही नाही. मग तोच काटा पुन्हा वाजवून त्याचा दांडा तिच्या कपाळावर टेकवला. ती खुर्चीतून उडालीच. मग खदखदून हसली.

“हे तर पाण्यातल्यावानी हाय!”

मी चकित झाले. तिनं मला इंजिनाची गोष्ट सांगितली, आणि मग तपासणीची आवाज देणारी डबी तिच्या हाडाला लावून मला माहीत होतं ते मी तिला सांगितलं. ऐकण्याचं खरं काम कवटीच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या एका इवल्या भागात चालतं. तो तिचा ठणठणीत होता. बिघाड होता तो फक्त दारात. हवेतला आवाज त्या दारातून आत शिरतो, आणि तिच्याकडं दारच नव्हतं. पाण्याचं तसं नाही. आपलं अंग, आपली हाडं पाण्याला फारशी परकी नाहीत. पाण्यातला आवाज सरळ हाडांत शिरतो आणि हाडांतून त्या शंखात. डोकं पाण्याखाली गेलं की माझं आणि तिचं ऐकणं जवळपास सारखंच.

“आन मग इंजिन एवढ्या लांबून कसं काय?” आसारामनं विचारलं.

मी म्हटलं, आवाज हवेत जेवढा पळतो त्याच्या चौपटीहून जास्त वेगानं पाण्यात पळतो, आणि लवकर दमत नाही. शिवाय पाण्यातला आवाज पाण्यातच राहतो. वरच्या हवेला धडकला की बहुतेक सगळा माघारी फिरतो. तसाच हवेतला आवाज पाण्यावरून माघारी फिरतो. म्हणून काठावर बसलेल्याला पाण्याखालचा कल्ला कळत नाही. समुद्रात तर देवमाशांची हाक शेकडो कोसांवर जाते.

“त्याचे कान लई मोठे असतील,” प्रियदर्शनी म्हणाली.

“त्याला बाहेरून कानच नसतात. जबड्याच्या हाडातून ऐकतो.”

तिनं आपल्या कानांच्या जागचे गोळे चाचपले. “म्हंजी त्यो बी बुचा?”

“तो बी बुचा.”

तिनं बापाच्या दंडावर चापट मारली. ही बातमी तिनं गावभर केली असणार यात मला शंका नाही.

तिला एक यंत्र मिळालं. डोक्याला पट्टा आणि पट्ट्यात कानामागच्या हाडावर दाबून बसणारी एक डबी. डबी आवाज घेते आणि हाडाला थरथर देते. ते लावून ती शाळेत गेली. शाळेत पप्पू नावाचा एक पोरगा होता. तो तिच्यासमोर येऊन नुसते ओठ हलवायचा, आवाज काढायचाच नाही. यंत्र बंद पडलं असं वाटून ती घाबरून डबी चाचपायची आणि वर्ग हसायचा. चार-पाचदा हे झाल्यावर तिनं पप्पूला धरणावर बोलावलं. पैज अशी, की एकानं लांब जाऊन पाण्याखाली दगडावर दगड आपटायचा, दुसऱ्यानं बुडी मारून किती वेळा वाजला ते सांगायचं. पप्पू चुकायचा, कारण दम टिकायचा नाही. ती मासोळीसारखी खाली बसून राहायची आणि वर येऊन बरोबर आकडा सांगायची. त्या काठावर पप्पू तिच्याकडून इतक्यांदा हरला, की शाळेत ओठ हलवायचं त्यानं आपणहून बंद केलं.

बारावीनंतर स्थळं येऊ लागली. पाहुणे चहा पिऊन जायचे आणि मग निरोप पाठवायचे, की आधी शहरात नेऊन प्लास्टिक सर्जरीनं कान बसवून घ्या, मग बघू. साखराबाई मला विचारायला आली. मी म्हटलं, दिसायला कान बनवता येतात, ऐकण्यात त्यानं फरक पडत नाही. प्रियदर्शनी शेजारीच उभी होती.

“ज्यानं ऐकू येत न्हाई असले कान मी कावून लावू?” ती म्हणाली. “झुमके अडकवायला?”

तोवर ती डोक्यावरून ओढणी घ्यायची. त्या दिवसापासून ओढणी खांद्यावर आली. केस मागं घट्ट बांधायची, पट्टा, डबी, गोळे सगळं उघडं. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

हिवरदऱ्याच्या समोर, पाण्यापलीकडं मळे आहेत. रस्त्यानं जायचं तर फार मोठा वळसा पडतो, म्हणून मजूर बाया होडीनं जातात. पत्र्याची होडी, मागं मशीन. अशा दोन होड्या सुंदररावांच्या. सुंदरराव म्हणजे गावातलं वजनदार नाव. जमीन, सोसायटी, निवडणूक सगळीकडं त्यांचा शब्द. एक होडी पप्पू चालवायचा. दुसरीला माणूस हवा होता. प्रियदर्शनी तोवर मासे धरणाऱ्या भोयांच्या होडीवर मशीन चालवायला शिकली होती, धरणातली बुडालेली झाडं कुठं आहेत ते तिला पाठ होतं. ती सुंदररावांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली आणि काम मागितलं.

“बहिऱ्या माणसाच्या हातात होडी?” सुंदरराव म्हणाले. ते रागावले नव्हते, हसतच होते. “माणसं बुडवायची हायत का गं? जा, मेंढरं राख.”

“मेंढरं बा राखतोय. मी होडी मागायला आलेय.”

“न्हाई म्हणलं ना.”

“पुन्हा येईन,” ती म्हणाली, आणि दर महिन्याला जात राहिली. सुंदररावांच्या घरची माणसं तिला बघून आतूनच सांगायला लागली, आली बुची.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. पलीकडच्या मळ्यात उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा तोडायचं काम चालू होतं. पप्पूच्या होडीतून छबुबाई धरून पाच बाया गेल्या होत्या. दिवस कलायच्या आधीच वळवाचं वादळ उठलं. आधी धुळीची भिंत आली, मग आडवा पाऊस, गारा, आणि सगळं थोडक्यात आटोपलं. पण वारा पडेना. तो काठाकडून पाण्याकडं वाहत होता आणि धरणावर पांढुरकं झाकोळ बसलं होतं, पलीकडचं काही म्हणता काही दिसत नव्हतं. मोबाइलची रेंज गेली होती.

काठावर माणसं जमली. सुंदरराव आले. ताराबाई आली, तिची सून सुनिता होडीत होती. ताराबाई हाका मारमारून घसा बसवून बसली, पलीकडून काही उत्तर नाही.

“वारं बघून पप्पू तिकडंच थांबला असंल,” सुंदरराव म्हणाले. “त्यो काय लेकरू हाय का? वारं उतरू द्या, मग बघू.”

प्रियदर्शनी मेंढ्या वाड्यात कोंडून पळत आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पट्टा काढून ताराबाईच्या हातात दिला, कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि डोकं बुडवलं. वर आली, दम घेतला, पुन्हा बुडवलं. दुसऱ्यांदा ती बराच वेळ खालीच राहिली.

बाहेर येऊन तिनं पट्टा चढवला. “वाजतंय,” ती म्हणाली. “लोखंडावर लोखंड. थांबतंय आन पुन्हा वाजतंय. मशीन न्हाई ते, माणूस हाय.”

“बघा,” सुंदरराव लोकांकडं वळले, “दोन कानांच्या माणसांना ऐकू येईना, आन हिला आलं.”

“तुमी बी डोस्कं बुडवा. मग बोला.”

सुंदरराव जागचे हलले नाहीत. हलली ती ताराबाई. साठीची बाई, पोहायला येत नाही, पदर खोचून पाण्यात शिरली, प्रियदर्शनीचा दंड धरला आणि नाक दाबून खाली गेली. खोकत, ठसकत वर आली.

“वाजतंय गं माय! खरंच वाजतंय! माझी सुनिता हाय तिथं!”

मग आणखी दोघा गड्यांनी डोकी घातली आणि एकमेकांकडं पाहिलं. हवेतून पप्पूची हाक का येत नव्हती ते आता सांगायला सोपं आहे. वारा उलटा होता, त्यानं हाकेला पलीकडंच ढकलून दिलं. पाण्याला त्या वाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. पण त्या वेळी कुणाच्या डोक्यात हे नव्हतं. सुंदरराव म्हणत होते, एक होडी गेली तर दुसरी घालवू का, काही झालं तर जबाबदारी कुणाची, पोलिसांना कळवू, तालुक्याहून माणसं येतील. त्यांच्या म्हणण्यात सगळंच खोटं होतं असं नाही. वारा खरंच वाईट होता. पण ते बोलत होते आणि वेळ जात होता.

प्रियदर्शनीनं दुसऱ्या होडीचा दोर सोडायला घेतला.

“ए! हात लावू नको होडीला! ऐकू येतंय का?”

तिनं त्यांच्याकडं बघत पट्टा पुन्हा काढला आणि ओढणीत गुंडाळून पोटाशी खोचला. पुढं सुंदरराव काय काय ओरडले ते काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं, एक ती सोडून. ताराबाई होडीत चढून बसलीच होती. मशीन पहिल्या झटक्याला चालू झालं.

आणि मग खरी अडचण सुरू झाली. पाण्यात ऐकू येतं, पण कुठून येतं ते कळत नाही. हवेत एका कानाला आवाज आधी पोचतो, दुसऱ्याला क्षणभर नंतर, त्यावरून आपण मान वळवतो. पाण्यात आवाज इतका झपाट्यानं येतो की चोहीकडून आल्यासारखा वाटतो, आपल्याच डोक्यात कुणीतरी हातोडी मारतंय असं. मला हे पुस्तकातून माहीत होतं. तिला अंगानं माहीत होतं, म्हणून ती बावरली नाही. थोडं अंतर जायची, मशीन बंद करायची, ताराबाईला पाय धरायला सांगायची आणि कडेवरून ओणवी होऊन डोकं बुडवायची. आवाज वाढला का घटला, एवढंच बघायची.

आधी ती सरळ पलीकडच्या धक्क्याच्या दिशेनं गेली. आवाज घटला. म्हणजे होडी तिकडं नव्हती, वाऱ्यानं कुठंतरी वाहून नेली होती. डावीकडं वळली. धरणाच्या मधोमध एक बुडालेलं टेकाड आहे, उन्हाळ्यात त्याचा माथा उघडा पडतो. त्याच्या आडोशाला आल्यावर तिनं डोकं बुडवलं तर काहीच नाही. ठार शांत.

“थांबलं?” ताराबाईनं हातवारे करून विचारलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

“थांबलं न्हाई,” प्रियदर्शनी म्हणाली. “मधी टेकाड आलंय. म्हंजी ते पलीकडल्या अंगाला हाईत.”

टेकाडाला वळसा घालून तिनं पुन्हा डोकं घातलं. ठण्. ठण्. ठण्. इतका मोठा, की दात शिवशिवले असं ती म्हणते. मग ती त्याच रोखानं गेली, आणि झाकोळातून आधी वाळक्या बाभळीचे शेंडे दिसले, मग त्यांना अडकलेली, पोट वर केलेली पत्र्याची होडी.

पप्पू एका हातानं होडीला धरून दुसऱ्या हातातल्या पान्यानं पत्र्यावर मारत होता. मशीनचे बोल्ट आवळायचा पाना, तेवढाच त्याच्या खिशात राहिला होता. हाताची सालटी निघाली होती. ही होडी अगदी जवळ येईपर्यंत तो मारतच होता. चार बाया दोराला धरून होत्या. ताराबाईनं सुनिताला पाहिलं आणि ती रडायलाच लागली.

प्रियदर्शनीनं पट्टा चढवला. “छबुबाई?”

पप्पूनं मान खाली घातली. होडी उलटली तेव्हा छबुबाई सगळ्यांबरोबर वर आली होती. बराच वेळ धरून होती. मग हात सुटला. सुनितानं तिचा पदर पकडला होता, तो पदरही सुटला.

प्रियदर्शनीनं पट्टा काढून ठेवला आणि तिथंच पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. गढूळ पाण्यात हाताला बाभळीच्या काटक्या लागत होत्या, दुसरं काही नाही. शेवटी ताराबाईनं तिला वर ओढलं. “या चौघींना पोचव आधी,” ती ओरडून म्हणाली. “गारठल्यात बघ.”

माघारी येताना पप्पू तिच्याशेजारी बसला होता. त्याचे दात वाजत होते. तिनं पट्टा लावून विचारलं, “वारं तसलं होतं, कोण ऐकणार होतं तुझं? कावून वाजवीत बसलतास?”

“दुसरं कोण ऐकणार होतं?” पप्पू म्हणाला. “म्या तुझ्यासाठीच वाजवीत होतो. म्हणलं बुची येईल आन डोस्कं घालंल पाण्यात.” मग त्यानं जीभ चावली. “प्रियदर्शनी.”

छबुबाई दुसऱ्या दिवशी भोयांना सापडली. तिच्यामागं नवरा नव्हता, कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, ऋतुजा.

त्यानंतर पेपरात फोटो आला, माणसं आली. ग्रामपंचायतीसमोर मांडव घालून सत्काराचा कार्यक्रम ठरला आणि मला बोलावणं आलं म्हणून मीही गेले. सुंदरराव माइकवर बोलले, गावची लेक, गावची शान, आमची होडी वेळेवर कामी आली. मग शाल आणि नारळ घेऊन तिच्यासमोर आले. तिनं हात पुढं केले नाहीत. माइकच हातात घेतला.

“शाल नको मला,” ती म्हणाली. तिचा आवाज मुळात मोठा, त्यात माइक. “ही शाल छबुबाईच्या घरी न्या. तिथं अजून तुमी कुणी गेलेला न्हाईत. त्या दिवशी आमी काठावर भांडत उभे होतो तोवर छबुबाई होडीला धरून होती. सुनितानं सांगितलंय. तुमी म्हणला, दोन कानांच्या माणसांना ऐकू येईना. अहो, ऐकू कसं येईल? तुमचं डोस्कं कोरडं होतं.”

सुंदररावांचा चेहरा लालबुंद झाला. “बस आता,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

“बसते. पण होडीत पाण्यावर तरंगवणारी जाकिटं पाहिजेत, माणसागणिक एक. वारं उठलं की होडी सुटणार न्हाई. आन होडी मला पाहिजे.”

“हिला कुणी शिकवून आणलंय,” सुंदरराव लोकांना म्हणाले. मागून साखराबाईचा आवाज आला, “म्या शिकवलंय. जन्मल्यापासून.”

होडी त्यांनी दिली नाही. उलट विनापरवाना होडी पळवली म्हणून तक्रार करायची भाषा केली. पण दुसऱ्या आठवड्यात मजूर बाया काठावर आल्या आणि सुंदररावांच्या होडीत बसल्याच नाहीत. सुनिता सगळ्यांच्या पुढं होती. मळेवाले शेंगा वाया जातील म्हणून ओरडले, मुकादम ओरडला, बाया काठावर भाकरीची फडकी सोडून बसल्या. जाकिटं आल्याशिवाय नाही, आणि प्रियदर्शनी चालवणार असेल तरच. काही दिवस रोजगार बुडाला, घरोघरी भांडणं झाली, एकीला नवऱ्यानं मारलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर येऊन बसली. शेवटी भोयांनी आपली एक जुनी होडी प्रियदर्शनीला भागीत दिली. परवान्यासाठी तिला दोनदा परत पाठवलं, कानांचं कारण सांगून. तिसऱ्या वेळी मी स्वतः बरोबर गेले आणि पट्टा लावून तिला किती ऐकू येतं ते लिहून दिलं. परवाना मिळाला. सुंदररावांच्या होड्यांतही आता जाकिटं आहेत. ती आपणच आधी आणली असं ते सांगतात. सांगू देत.

पप्पू तिच्याच होडीवर काम करतो. दोघं दिवसभर भांडतात.

पण मला जे सांगायचंय ते यंदाच्या थंडीतलं आहे. छबुबाईला पोहता येत नव्हतं. होडीतल्या पाचही जणींना येत नव्हतं. जन्मभर धरणाच्या काठी राहिलेल्या बायका, मेंढ्या धुतात, धुणी धुतात, पण गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाहीत. प्रियदर्शनीनं यंदा जाहीर केलं, की तिच्या होडीत बसायचं असेल तर पोहायला शिकावं लागेल. गावात बोंब झाली. बायामाणसं उघड्यावर पाण्यात उतरणार? लाज हाय का न्हाई? एका म्हाताऱ्यानं तर वाटेत आडवं येऊन विचारलं.

“बुडायला लाज वाटत न्हाई, पोहायला कावून वाटावी?” ती म्हणाली आणि पुढं गेली.

पहिल्या दिवशी तिघीच आल्या. ऋतुजा, सुनिता आणि ताराबाई. काठावर बघ्यांची गर्दी तिघींच्या दसपट. कुणी शिट्टी मारली. ऋतुजा पाण्याच्या कडेशी थबकली. तिची आई याच पाण्यात गेली होती. प्रियदर्शनी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिच्याकडं बघत होती, ये म्हणत नव्हती, नको म्हणत नव्हती. ऋतुजानं चप्पल काढली आणि एकदम चालत आत आली, थांबलीच नाही, छातीला पाणी लागेपर्यंत.

मी गेले तेव्हा जानेवारी होता. सकाळचं गार पाणी, आणि पाण्यात पंधरा-वीस बायका पाठीला रिकामे डबे बांधून हातपाय मारत होत्या. काठावर बघे उरले नव्हते, शिट्ट्याही नव्हत्या. आसाराम मेंढ्या घेऊन पलीकडच्या उतारावर बसला होता, बायकांकडं पाठ करून, आणि त्या बाजूनं येणाऱ्याला काठीनं वाट दाखवत होता, “तिकडून जा, तिकडून.” मधोमध साखराबाई. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, तोंडात पाणी जात होतं, तरी ती बोलत होती. मला पाहून तिथूनच ओरडली, “काय बघताय म्याडम? उतरा की!”

मी म्हटलं, मी कपडे आणले नाहीत.

“आमी तरी कुठं आणलेत?” ती म्हणाली आणि पुन्हा पाय मारायला लागली.